गाण्यांच्या शब्दांतली आत्महत्या: शब्द मोजायचे की बोलणारा ओळखायचा?

अक्षरओढ

लोकप्रिय गाण्यांच्या शब्दांत आत्महत्या कशी येते आणि त्यावरून समाजाची तिच्याकडे पाहण्याची नजर कितपत कळते, यावर अभ्यास-लेख करायचा आहे. आराखडा असा: 50 वर्षांचा पट घ्यायचा, त्यातल्या दर पाचव्या वर्षाची सर्वाधिक ऐकली गेलेली 40 गाणी, म्हणजे 11 टप्पे आणि 440 गाणी. 'मरण', 'आत्महत्या', 'जीव देणे', 'संपवणे' अशा शब्दांनी शोध घेऊन जी गाणी हाती लागतील ती बाजूला काढायची, दशकवार टक्केवारी मांडायची आणि आलेख चढतोय की उतरतोय ते पाहायचं.

अडचणी अशा. 440 पुरेत का? शब्दशोधावर विसंबावं का? गाणी निवडल्यावर त्यांची वर्गवारी कशावर करावी? आणि शेवटी 'समाजाचा दृष्टिकोन बदलला' असं म्हणायला कोणता पुरावा लागतो? जाणकारांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

मोजपट्टी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

आत्महत्येचा उल्लेख असलेली गाणी लोकप्रिय यादीत मुळातच थोडी असतात. अंदाजासाठी एक छापलेला अभ्यास पाहा. क्रेसोविच आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लोकप्रिय रॅप गाण्यांचं असंच विश्लेषण केलं. 1998, 2003, 2008, 2013 आणि 2018 या पाच वर्षांतली प्रत्येकी 25, म्हणजे एकूण 125 गाणी. आत्महत्येच्या विचारांचा उल्लेख निघाला 8 गाण्यांत, सुमारे 6 टक्के. नमुना लहान असल्यामुळे या 6 टक्क्यांचा 95 टक्के विश्वासपट्टा (खरं प्रमाण ज्या पल्ल्यात असावं असं धरतात तो) साधारण 3 ते 12 टक्के असा रुंद पडतो. तुमच्या 440 मध्ये हेच प्रमाण धरलं तर हाती 28 च्या आसपास गाणी येतील. ती 11 टप्प्यांत वाटली की दर टप्प्याला दोन-तीन. एवढ्यावर दशकवार आलेख काढला तर एक गाणं इकडचं तिकडे झालं तरी रेघ उलटी फिरेल.

शून्याचंही असंच. त्या अभ्यासात 1998 च्या 25 गाण्यांत एकही उल्लेख नव्हता आणि 2018 मध्ये 12 टक्के होते, म्हणजे 3 गाणी. वाढ दिसली हे खरं. पण 25 पैकी शून्य याचा अर्थ 'त्या काळी कुणी बोलतच नव्हतं' असा होत नाही. शून्य आलं की 3 ला नमुन्याच्या संख्येने भागायचं, म्हणजे खरं प्रमाण जास्तीत जास्त किती असू शकेल त्याचा ढोबळ अंदाज मिळतो. इथे 3 भागिले 25, म्हणजे 12 टक्के. हा साधा नियम विसरून लिहिलेले लेख बरेच आहेत.

म्हणून दोन संच करा आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. पहिला संच यादीवरून घेतलेला, मोजणीसाठी. त्यात टप्पे कमी करा आणि दर टप्प्याची गाणी वाढवा: 11 ऐवजी 4 टप्पे आणि प्रत्येकी 150. दुसरा संच हेतुपूर्वक निवडलेला, निव्वळ वाचनासाठी. विषय ठाऊक असलेली 30-40 गाणी. या दुसऱ्या संचातून टक्केवारी काढायची नाही, कारण ती गाणी तुम्ही विषय पाहूनच उचललेली असतात. 'अभ्यासलेल्या गाण्यांपैकी 60 टक्के गाण्यांत प्रेमभंग हे कारण' असं वाक्य या संचावरून लिहिलं, तर ते समाजाबद्दल काही सांगत नाही, तुमच्या निवडीबद्दल सांगतं.

यादी कशी बनली तेही टप्प्याटप्प्याला बदलतं. तबकड्यांची विक्री, रेडिओवरचं प्रसारण आणि आजचं स्ट्रीमिंग ही तीन वेगळी मापं आहेत. रेडिओच्या काळात गाणं यादीत पोचण्याआधी कुणीतरी ते लावायचं की नाही हे ठरवत असे. स्ट्रीमिंगमध्ये रात्री एकट्याने दहा वेळा ऐकलेलं गाणंही मोजलं जातं. त्यामुळे दु:खी गाण्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं, तर आधी माप बदललंय का ते पाहा, समाज बदलल्याचं नंतर म्हणा.

दुसरा_अंतरा

शब्दशोधाबद्दल 'मोजपट्टी' यांनी काही लिहिलं नाही, पण मराठीपुरती खरी गोम तिथेच आहे.

आपल्या भाषेत 'जीव' आणि 'मरण' प्रेमाच्या बाजूला उभे असतात. जीव लावणं, जीव टाकणं, जीव ओवाळणं, जीव जडणं, एखाद्यावर मरणं: यांतल्या एकाचाही आत्महत्येशी संबंध नाही. 'जीव देणं' तर दोन्हीकडे चालतं; 'तुझ्यासाठी जीव देईन' ही निष्ठेची भाषा आणि 'तिने जीव दिला' ही बातमीची. भक्तिपर रचनांत तर तुकाराम 'आपुले मरण पाहिले म्यां डोळां' म्हणतात आणि तो सोहळा ठरतो, कारण तिथे मेलेला असतो तो अहंकार. यंत्राने शब्द शोधले तर हे सगळं जाळ्यात येणार.

उलट जे यायला हवं ते निसटतं. ज्या गाण्यांत विषय खरोखर आहे तिथे 'आत्महत्या' हा शब्द क्वचितच असतो. तो कागदपत्रांचा शब्द आहे, चालीत बसायला जड. गाण्यात येतं ते निरोप घेणं, लांबची झोप, दिवा मालवणं, पैलतीर, 'आता कुणाला त्रास नको'. ही शेवटची भाषा, म्हणजे आपण इतरांवर ओझं आहोत असं बोलणं, विशेष लक्ष देऊन टिपावी. ती मृत्यूचा एकही शब्द न वापरता सगळं सांगून जाते.

तेव्हा शोध फक्त खूण करण्यासाठी वापरा. निवड मात्र संपूर्ण गाणं वाचून आणि ऐकूनच करा. ऐकणं यासाठी की संकेतस्थळांवरच्या शब्दांत चुकीचं ऐकलेलं बरंच असतं, आणि ध्रुवपद प्रत्येक वेळी तसंच आहे असं धरून एकदाच छापलेलं असतं. शेवटच्या आवर्तनात बदललेला एक शब्द तिथे हरवतो. या विषयात नेमका तोच शब्द महत्त्वाचा.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे अमेरिकन रॅपर लॉजिक याचं 2017 मधलं गाणं. तिथल्या आत्महत्या-प्रतिबंधक मदतवाहिनीचा तेव्हाचा क्रमांक हेच त्याचं शीर्षक. सुरुवातीला बोलतो तो फोन करणारा, आणि ध्रुवपद आहे जगायचं नाही असं. पुढे फोन घेणारा बोलतो आणि तेच ध्रुवपद 'तू जगावंस असं मला वाटतं' या अर्थाचं होतं. शेवटी फोन करणारा परत येतो आणि त्याला जगावंसं वाटू लागलेलं असतं. चाल तीच, ओळ जवळजवळ तीच, बोलणारा बदललेला. शब्द मोजणारा याला मरणाचं गाणं म्हणेल. बोलणारा ओळखणारा म्हणेल की हा मदत मागण्याचा आणि मिळण्याचा पूर्ण आलेख आहे.

म्हणून वर्गवारीच्या तक्त्यात पहिला स्तंभ 'बोलणारा कोण' हाच ठेवा:

1. ज्याच्या मनात विचार आहे तो स्वत:
2. मागे राहिलेला (आई, मित्र, जोडीदार)
3. अडवणारा किंवा ऐकून घेणारा
4. बाहेरून गोष्ट सांगणारा
5. प्रेम मिळावं म्हणून मरणाची धमकी देणारा

पाचवा प्रकार पहिल्यात ढकलू नका. प्रेमगीतांत तो भरपूर आढळतो, आणि तिथे मरण हे वेदना म्हणून येत नाही, दबाव म्हणून येतं. ऐकणाऱ्या व्यक्तीला त्या गाण्यात 'नाही' म्हणायची सोय उरते का, हे पाहण्यासारखं असतं. दृष्टिकोनाचा पुरावा हवा असेल तर तो इथे ठासून भरलेला आहे.

त्यापुढचे स्तंभ: कुणाला उद्देशून, कारण (एकच सांगितलंय, अनेक, की सांगितलेलंच नाही), मृत्यू कसा रंगवलाय (पाप, गुन्हा, शौर्य, सुटका, सूड, आजार, अन्यायाविरुद्धची दाद), मागे राहिलेल्यांचं दु:ख दिसतं का, मदतीचा उल्लेख, आणि शेवट कुठे होतो. 'साधन किंवा पद्धत' यासाठी फक्त 0, 1, 2 लिहा: उल्लेख नाही, ओझरता, तपशीलवार. तो तपशील तक्त्यात उतरवून घ्यायची गरज नसते, आणि लेखात तर अजिबात नाही.

बोलणाऱ्याचं लिंग मराठीत बरेचदा क्रियापदच सांगून टाकतं: 'जातो' की 'जाते'. ही सोय आहे, पण अपुरी. 'मला जगायचं नाही' किंवा 'मी दार लावलं' यांत लिंग कळत नाही. तिथे गायकाचा आवाज पाहून भरू नका, 'अस्पष्ट' लिहा.

मोजपट्टी

वरच्या तक्त्याला जोडून एक इशारा. वर्गवारी दोघांनी एकमेकांशी न बोलता करायची, निदान 20 टक्के गाण्यांची तरी. पण दोघांचं किती जुळलं हे नुसत्या टक्क्यांत सांगू नका. समजा 100 गाण्यांपैकी दोघांनीही 6-6 गाण्यांवर 'उल्लेख आहे' अशी खूण केली आणि त्यांतली 3 च सामाईक निघाली. 91 गाण्यांवर दोघेही 'नाही' म्हणाले. जुळणी 94 टक्के! ऐकायला छान. पण नुसत्या योगायोगानेही इथे 88.7 टक्के जुळलं असतं, कारण बहुतेक गाण्यांत तो विषयच नाही. योगायोग वजा केल्यावर उरणाऱ्या जुळणीचं माप, ज्याला 'कोहेनचा कप्पा' (kappa) म्हणतात, येतं 0.47; पूर्ण जुळलं तर ते 1 असतं. म्हणजे ज्या गाण्यांवर लेख उभा राहणार तिथेच दोघांचं अर्धंमुर्धं जुळतंय.

जुळणीचंच दुसरं माप म्हणजे क्रिपेंडॉर्फ यांचा अल्फा; त्यासाठी 0.80 ही पक्की रेघ मानतात, आणि 0.667 ते 0.80 मध्ये निष्कर्ष तात्पुरते. कमी आलं तर गुण वाढवायला पुन्हा पुन्हा मोजत बसू नये. न जुळलेली गाणी समोर ठेवून व्याख्या दुरुस्त करावी आणि नव्या गाण्यांवर पुन्हा पाहावं. जुन्याच गाण्यांवर पाहिलं तर दोघांना उत्तरं पाठ झालेली असतात. सर्वात जास्त मतभेद 'मृत्यूची साधी इच्छा' आणि 'स्वत:ला संपवण्याचा विचार' यांच्या सीमेवर होतात. तिथे तीन पायऱ्या करा: जगण्याचा कंटाळा, मरण यावंसं वाटणं, स्वत: ते घडवून आणण्याचा विचार.

'मी' हा शब्द मोजायचा मोह होईल म्हणून आधीच सांगतो. स्टर्मन आणि पेनेबेकर यांनी 2001 मध्ये आत्महत्येने मृत्यू झालेल्या 9 कवींच्या कवितांची तुलना इतर 9 कवींशी केली. पहिल्या गटात प्रथमपुरुषी एकवचन जास्त निघालं. ते इंग्रजीतल्या (काही अनुवादित) कवितांवरचं काम. मराठीत 'मी' न लिहिताही 'येईन', 'थकलो', 'सांगू कुणा' चालतं, त्यामुळे नुसतं सर्वनाम मोजलं तर निम्मं सुटतं. शिवाय गीतकार, गायक आणि गाण्यातला 'मी' या तीन वेगळ्या व्यक्ती आहेत. कवितेवरचा निष्कर्ष गाण्याला तसाच चिकटवू नये.

अक्षरओढ

दोघांचे मन:पूर्वक आभार. टप्पे 4 करतो आणि 'बोलणारा' हा स्तंभ पहिला घेतो. पण शेवटचा प्रश्न उरलाच: तक्ता भरला, आता यातून समाज कसा वाचायचा? समाजशास्त्रज्ञ दुरखीमने केलेल्या आत्महत्येच्या चार प्रकारांत गाणी बसवली तर चालेल का?

समेवर

बसवता येतात, पण दुरखीमने 1897 च्या पुस्तकात समाजातल्या दरांचं स्पष्टीकरण दिलं होतं, व्यक्तीच्या मनाचं नाही. त्यामुळे गाण्यातल्या पात्राला 'आत्मकेंद्री' किंवा 'परार्थी' अशी चिठ्ठी लावून काम संपत नाही. त्याचा उपयोग वेगळा. गाणं समाजाचा कोणता धागा तुटलेला किंवा फार आवळलेला दाखवतंय, हे विचारायला ते प्रकार कामाचे. एकटेपणाची गाणी आत्मकेंद्री प्रकाराकडे झुकतात, बलिदानाची परार्थी प्रकाराकडे, कर्जबाजारी होण्याची आणि सगळं अचानक कोसळण्याची नियमशून्यतेकडे. आणि घरच्यांनी लग्न मोडल्यामुळे मरणाऱ्या प्रेमिकांची? ती चौथ्या, दैववादी प्रकारात, जिथे नियमांचा फास इतका घट्ट असतो की पुढचं आयुष्य बंद होतं. दुरखीमने या प्रकाराला फक्त एक तळटीप दिली, कारण आपल्या काळात त्याला फारसं महत्त्व नाही असं त्याला वाटत होतं. लोकगीतं आणि प्रेमगीतं मात्र त्या तळटिपेने ओसंडून वाहतात. ग्रंथात आणि गाण्यात असा विसंवाद दिसला की लेखाला मुद्दा मिळतो.

समाजाचा दृष्टिकोन शोधायची सगळ्यात भरवशाची जागा माझ्या मते गाण्याचे शब्द नव्हेत, त्या शब्दांत नंतर केलेले बदल. गाणं लिहितो एक माणूस. पण ते कापतो, मऊ करतो, रोखतो तो समाज, किंवा त्याच्या वतीने बसलेला द्वारपाल. 'ग्लूमी संडे' या गाण्याचाच प्रवास पाहा. हंगेरियन संगीतकार रेझ्सो शेरेश यांची चाल 1933 मध्ये प्रसिद्ध झाली, लास्लो यावोर यांनी मेलेल्या प्रियकराच्या मागे जाऊ पाहणाऱ्या मनाचे शब्द दिले. इंग्रजीत सॅम लुइस यांचे शब्द आले आणि अमेरिकन गायिका बिली हॉलिडे यांच्या 1941 च्या ध्वनिमुद्रणात शेवटी एक कडवं आहे: हे सगळं स्वप्न होतं, जाग आली तर तू शेजारीच झोपलेला. एका कडव्याने दु:खाचं रूपांतर दु:स्वप्नात झालं. तरी बीबीसीने ते शब्द प्रसारित करायला मनाई केली, फक्त वाद्यांवर वाजवायला परवानगी ठेवली. बंदी उठली ती 2002 मध्ये. मनाईचं कारण होतं युद्धकाळातलं मनोधैर्य. म्हणजे काळजी होती ती लढणाऱ्या देशाची, खचलेल्या ऐकणाऱ्याची नव्हे. आणि त्या काळी इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, तो कायदा बदलला 1961 मध्ये. हे तीन धागे एकत्र ठेवले की 'दृष्टिकोन' हा शब्द हातात येतो.

त्याच गाण्याने पुष्कळ जीव घेतले ही दंतकथा मात्र लेखात पुराव्यासारखी वापरू नका. हंगेरीतला आत्महत्येचा दर त्या गाण्याच्या आधीपासूनच उंच होता. पण दंतकथा म्हणून ती मोलाची आहे. खरं कारण शोधण्यापेक्षा गाण्याला दोषी धरणं समाजाला सोपं जातं, याचा तो नमुना. अमेरिकेत 1980 च्या दशकात हेच न्यायालयापर्यंत गेलं. ऑझी ऑस्बॉर्न यांच्या 1980 मधल्या ज्या गाण्यावर दावा झाला, त्याच्या शीर्षकातल्या 'सोल्यूशन'चे अर्थ दोन: तोडगा आणि द्रावण. गायकाच्या म्हणण्यानुसार ते दारूच्या विनाशाबद्दल होतं. 1988 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने दावा फेटाळला. तुमच्या तक्त्यात अशा गाण्याला एक कोड पुरत नाही: 'शब्दांत काय', 'गायकाने काय म्हटलं' आणि 'ऐकणाऱ्यांनी काय घेतलं' असे तीन रकाने करा आणि मोजणीसाठी फक्त पहिला वापरा.

प्रत्येक गाण्यासाठी म्हणूनच किमान तीन रूपं मिळवायचा प्रयत्न करा: मूळ ध्वनिमुद्रण, प्रसारणासाठी कापलेलं रूप, आणि नंतर कुणी नव्याने गायलेलं. काय गळलं, काय बदललं, कोणत्या वर्षी, हे लिहा. बलिदानाच्या गाण्यातलं मरण क्वचितच कापलं जातं आणि नैराश्यातलं लगेच. कोणत्या मरणाला परवानगी आहे ते यातून कळतं.

दुसरा_अंतरा

'समेवर' यांच्याशी सहमत, एक भर घालते. आपला 'आत्महत्या करणे' हा प्रयोगच 'हत्या' आणि 'करणे' यांनी बनलाय, गुन्ह्याचा वास त्यात मुरलेला आहे. लेखात 'आत्महत्येने मृत्यू' लिहा. 'यशस्वी' किंवा 'फसलेला' प्रयत्न ही विशेषणं टाळा. गाण्यांतलं उद्धृत मात्र जसंच्या तसं ठेवा, कारण तो तुमचा पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची माध्यमांसाठीची सूचनापुस्तिका (ताजी आवृत्ती 2023 ची) शेजारी ठेवून मसुदा तपासा: पद्धत नको, एकच कारण नको, मृत्यूचं उदात्तीकरण नको. एखाद्या गाण्यात हे सगळं असेल तर 'तपशीलवार वर्णन आहे' एवढं सांगून पुढे जाता येतं.

अक्षरओढ

आणि परिणाम? गाणी ऐकून आत्महत्या वाढतात किंवा थांबतात, यावर एखादा परिच्छेद घालावा का?

मोजपट्टी

घालावा, पण तो वेगळा प्रश्न आहे हे पहिल्याच वाक्यात सांगून. शब्दांच्या विश्लेषणातून परिणाम सिद्ध होत नाही.

इशारा देणारं उदाहरण म्हणजे स्टॅक आणि गुंडलाख यांचा 1992 चा अभ्यास. अमेरिकेतल्या 49 महानगर क्षेत्रांत रेडिओवर कंट्री संगीताला जितका वेळ जास्त, तितका गोऱ्या लोकांमधला आत्महत्येचा दर जास्त, असा संबंध त्यांनी मांडला. इतर अभ्यासकांना फेरतपासणीत तो संबंध सापडला नाही. आणि सापडला असता तरी, मृत्यू झालेल्या व्यक्ती ते संगीत ऐकत होत्या की नाही हे शहरांच्या आकड्यांतून कळतच नाही. समूहाच्या आकड्यावरून व्यक्तीबद्दल बोलण्याची ही चूक रॉबिन्सन यांनी 1950 मध्येच दाखवून दिली होती.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण वर आलेलंच लॉजिकचं गाणं. नीडरक्रोटेन्थालर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2021 मध्ये छापलेल्या अभ्यासात गाण्याचं प्रकाशन आणि दोन मोठ्या पुरस्कार सोहळ्यांतलं सादरीकरण, असे सर्वाधिक गाजावाजा झालेले मिळून 34 दिवस पाहिले. मदतवाहिनीवर अपेक्षेपेक्षा 9,915 फोन जास्त आले, म्हणजे 6.9 टक्के वाढ. त्याच दिवसांत आत्महत्येने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा 245 ने कमी, 5.5 टक्के घट. हा प्रयोग नव्हता, काळानुसारच्या आकड्यांचं निरीक्षण होतं, त्यामुळे 'गाण्याने 245 जीव वाचवले' असं लिहू नका; 'त्या दिवसांत अपेक्षेपेक्षा इतके कमी' असं लिहा. गेटेच्या कादंबरीतल्या वेर्थर या नायकावरून फिलिप्स यांनी 1974 मध्ये अनुकरणाच्या परिणामाला नाव दिलं. संकटातून बाहेर पडण्याची गोष्ट दाखवल्याने होणाऱ्या संरक्षक परिणामाला याच नीडरक्रोटेन्थालर यांच्या गटाने 2010 मध्ये मोझार्टच्या संगीतनाटकातल्या पापागेनो या पात्राचं नाव दिलं. तिथे तो जीव द्यायला निघालेला असताना तीन मुलं त्याला दुसरा मार्ग आठवून देतात. 'मदतीचा उल्लेख' आणि 'शेवट' हे दोन रकाने जोडून वाचले की तुमच्या गाण्यांत पापागेनोच्या धाटणीची किती, हे मोजता येईल. परिणामाच्या परिच्छेदात तेवढंच म्हणा.

समेवर

शेवटी वर्गवारी करणाऱ्यांबद्दल, कारण आराखड्यात हे कुणी लिहीत नाही. एका बैठकीत 10-12 पेक्षा जास्त गाणी नकोत, आणि त्यांत विषय नसलेली गाणी मिसळलेली असावीत. मोजणीलाही ते बरं, मनालाही. हेडफोन लावून रात्री एकट्याने हे काम करू नये. सुरुवातीलाच ठरवा की कुणालाही कारण न सांगता एखादं गाणं सोडता येईल, आणि सोडलेली गाणी तिसऱ्याकडे जातील. मदतनिसांपैकी कुणाच्या घरात असा मृत्यू झालेला असू शकतो, आणि तो सांगेलच असं नाही. मदतवाहिनीचा क्रमांक तक्त्याच्या पहिल्याच पानावर छापा, शेवटच्या नको.